मला कोणी बंद केले?

मित्रांनो, दार लगेच लावू नका, जरा थांबा. मी एक जुना फ्रिज आहे, आणि बसलेल्या धक्क्यातून अजून सावरलेलो नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी सायीच्या रंगाचा होतो. या घरात आलो त्या दिवशी शेजारची मुले बर्फासाठी माझ्यापुढे रांग लावून उभी होती. मालक एका कचेरीत नकाशे काढायचे. मालकीणबाई मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "हा आमचा थोरला." माझी छाती फुगायची. त्यांचे इन्शुलिन माझ्या दाराच्या वरच्या कप्प्यात असायचे. बाकी काही नासले तरी चालेल, पण त्या बाटल्यांना आपण जपायचे, असे मी मनाशी ठरवले होते.

मग एक दिवस, पन्नाशी नुकतीच गाठलेली असताना, मालकांनी नोकरी सोडली. मला वाटले, यांचे डोके फिरले की काय! पण ते शांतपणे म्हणाले, "पुष्कळ राबलो. आता थोडक्यात भागवू, पण आपल्या मर्जीने जगू." मालकीणबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून घरात काटकसरीचे राज्य सुरू झाले. चहाची पावडर दोनदा उकळू लागली. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापून आतून पुसून घेतली जाऊ लागली. वर्तमानपत्र बंद झाले आणि मालक सकाळी वाचनालयात जाऊ लागले. इन्शुलिनही घाऊक दुकानातून स्वस्त पडते म्हणून एकदम पुष्कळ आणून ठेवले. हे सगळे मी हसत पाहत होतो. तोवर माझ्यावर वेळ आली नव्हती ना!

एके दिवशी मालकांनी माझ्या पोटातला दिवा काढून नेला. "उघडल्यावर दिसतंय की सगळं, दिवा कशाला?" म्हणे. मी गारच पडलो, म्हणजे नेहमीपेक्षाही जास्त. मालकीणबाईंनी मात्र डोळे वटारले. "दिवा नेलात तो नेलात. आता फ्रिजला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

मित्रांनो, पुढचे सांगताना माझी जाळी अजून थरथरते. दुपारी मालकीणबाईंचा डोळा लागला की मालक पाय न वाजवता यायचे आणि विजेचे बिल वाचवायला माझे बटण बंद करायचे. त्या चहाला उठायच्या आत पुन्हा चालू. मी हबकलो. पण खरा हादरा पुढे होता. सकाळी मालक वाचनालयात गेले की मालकीणबाई यायच्या, दाराकडे एकदा बघायच्या आणि त्याही तेच बटण बंद करायच्या! ज्यांनी मला थोरला म्हटले, त्यांनीच! मालक जेवायला यायच्या आत पुन्हा चालू.

दोघांनाही वाटायचे, आपली चोरी तेवढी थोडीशी. उन्हाळ्याचे दिवस, माझे अंग जुने. जरा गार होतोय तोच पुन्हा बंद. दिवा नसल्यामुळे दार उघडले तरी कोणाच्या काही लक्षात येईना. दूध नासू लागले, तर बिचाऱ्या दूधवाल्यावर खापर फुटले. आणि दारातल्या त्या बाटल्या दिवसेंदिवस कोमट होत होत्या. मी घरघरून घरघरून सांगत होतो. मालक म्हणायचे, "म्हातारा झालाय बिचारा."

मालकीणबाईंची तहान वाढली. त्या दम लागून खुर्चीत बसायच्या. एका दुपारी झोपेतून मधेच उठून पाणी घ्यायला म्हणून त्यांनी माझी मूठ धरली आणि तशाच घसरत खाली बसल्या. "अगं, काय होतंय तुला?" मालक धावले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. रक्तातली साखर तपासून त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, औषध घेताय ना नीट?"

"एकदाही चुकवलं नाही हो."

"मग दाखवा बघू." डॉक्टरांनी माझे दार उघडले आणि बाटली हातात घेतली. घेतली तशीच धरून ते उभे राहिले. "अहो, ही तर कोमट आहे! फ्रिज बंद आहे तुमचा."

मालक पांढरेफटक पडले. "मी... मी फक्त दुपारचा बंद करतो. थोडा वेळच."

मालकीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही पण?"

"पण? पण म्हणजे काय?"

मालकीणबाईंनी माझ्या बटणाकडे आणि मग स्वतःकडे बोट केले. डॉक्टर आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या सगळ्या बाटल्या टाकून द्या. नवीन मी पाठवतो. आणि वहिनींना आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात न्यायचं."

"पैसे पुरत नाहीत असं एकदा सांगितलं असतंस तर मी परत नोकरी धरली असती," मालक रडवेले होऊन म्हणाले.

"म्हणूनच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी तुम्हाला सकाळी घाई न करता चहा पिताना बघते मी. ते जायला नको होतं."

आठवड्याने मालकीणबाई घरी आल्या. मालकांनी माझ्या पोटात दिवा परत बसवला आणि बटणावर चिकटपट्टी लावली, आडवी आणि उभी. संध्याकाळी दोघे माझ्यासमोर खुर्च्या टाकून बसले, एकदाच उकळलेल्या पावडरीचा चहा घेऊन.

मित्रांनो, काटकसर अवश्य करा. माझी काही तक्रार नाही. फक्त ज्याच्यासाठी करताय, त्याला सांगून करा. आणि कधी माझ्यासारखा एखादा म्हातारा कोपऱ्यात घरघरत असेल, तर एकदा त्याचे दार उघडून आत हात घालून बघा.