मी साउंड कार्ड, आणि हे सगळे बहिरे

मी एक जुनं साउंड कार्ड आहे. मित्रांनो, माझं नावही तुमच्या कानांवर पडलं नसेल. तुमची ओळख स्पीकरशी! तो समोर मिरवतो, म्हणून शाबासकी त्याला. अहो, तो नुसता थरथरणारा कागद! आणि संगणकाच्या मेंदूला तर गाणं कशाशी खातात तेही कळत नाही. त्याच्यापाशी नुसते आकडे, सेकंदाला हजारो. ते तो माझ्या अंगावर ओततो. मी त्यांची वीज करतो, झुल्यासारखी वर-खाली लहरणारी. ती वायरीतून स्पीकरकडे जाते. त्याचा पडदा हलतो, पडद्यानं हवा हलते, हवेनं तुमच्या कानाचा पडदा. झाला आवाज!

कारखान्यात मला सोनेरी दातांची कड मिळाली. ती संगणकाच्या खाचेत रुतवली आणि माझा संसार सुरू झाला, अंधारात, धुळीत.

तो संगणक ज्या घरात होता, तिथले आजोबा कोर्टात पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचे. निवृत्त झाले तरी आवाज तसाच, भिंती हलवणारा. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आजोबा आवाज साठवून ठेवायला माइकपुढे बसले. तेव्हा माझं काम उलटं: आवाजाची आलेली वीज मोजायची, तिचे आकडे करायचे. केले. कुणी 'वा' म्हटलं नाही.

आजोबा मुके होऊन घरी आले. ते येणार म्हणून आजींनी झाडलोट केली होती. वायरी उपटून पुसल्या, आणि स्पीकरची वायर माझ्या भोकाऐवजी संगणकाच्या अंगच्या आवाजाच्या भोकात खुपसली. मी आल्यापासून त्यातून आवाज येणं बंदच होतं. पण तेही हिरवं, माझंही हिरवं. आजींना तेवढं पुरलं.

त्यांच्या मुलानं आजोबांचा साठवलेला आवाज लावला. चिडीचूप.

"फाइल बिघडली, आई. संगणकातलं सगळं पुसून नव्यानं टाकतो."

काय ही हुशारी! मी गळा फाडून बोलत होतो, माझ्या भोकाशी वायरच नव्हती.

"थांब रे मेल्या! त्यात त्यांचा आवाज आहे."

"कसला आवाज? येतोय का ऐकू?"

आजोबांनी टेबलावर थाप मारली. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ उड्या मारत होती. ते तिच्यावर बोट आपटत राहिले.

"बघ, बघ," आजी म्हणाल्या, "ती काय उगाच नाचतेय? कुणीतरी बोलतंय तिथे!"

मुलगा कुरकुरत संगणकामागे वाकला. "अरेच्चा, इथे दोन हिरवी भोकं आहेत!"

दिसली एकदाची, महाराज!

वायर माझ्यात आली आणि खोलीभर आवाज घुमला: "अगं ए, चष्मा तुझ्याच डोक्यावर होता. उगाच माझ्यावर ओरडलीस!"

जन्मभराच्या ठेवीसाठी या गृहस्थांना हेच वाक्य सुचावं!

"मग तेव्हाच नाही का सांगायचं?" आजींनी आजोबांना फटकारलं. आजोबा हसले, आवाजाविना. आजींनी पदर डोळ्यांना लावला. "पुन्हा लाव रे."

दिवे लागेपर्यंत तेच आकडे, तीच वीज. मी कंटाळलो नाही. का, ते मला विचारू नका.

मित्रांनो, माझं कौतुक तुमच्यापाशीच ठेवा. फक्त यंत्र गप्प झालं, तर पुसायला धावू नका. आधी त्याच्या मागे वाकून बघा. आत कुणीतरी जीव तोडून बोलत असेल.