बुडखा राहू दे

मी एक जुना तारेचा ब्रश आहे. सध्या दोन पुरुष उंचीएवढ्या खोल पाण्यात आडवा पडलोय. माझ्या निम्म्या तारा झडल्या, उरल्या त्या वाकल्या आणि लाकडी मूठ फुगून अशी झाली आहे की आता कुणाच्या हातात मावायची नाही. खरं सांगायचं तर बोलायचाही कंटाळा येतो. पण मित्रांनो, माझ्या तारांमधून एक चूक घडली आहे, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवत नाही. तेव्हा ऐका. मधे मधे दम खाईन, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथली एक बाई लाकडाच्या पट्टीला भोकं पाडायची, त्यांत पितळी तारांचे झुबके ठोकून बसवायची आणि वरून कात्रीनं एकसारखे कापायची. मी तयार झालो तेव्हा तिनं मला तळहातावर घासून पाहिलं आणि "आई गं!" म्हणून हात झटकला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पुढे एका दुकानातून मला बाबांनी आणलं. बाबा म्हणजे माझ्या मालकिणीचे वडील. बंदरावर त्यांना सगळे 'बादलीवाले' म्हणत, कारण त्यांच्याकडे काचेच्या बुडाची एक बादली होती. होडीतून वाकून ती पाण्यावर टेकवली आणि आत तोंड घातलं, की लाटांची लुकलुक जाऊन खालचा तळ स्वच्छ दिसे. बाबांचा धंदा स्पंज काढायचा. ते वरून बादलीतून पाहत आणि त्यांचा धाकटा भाऊ बुडी मारून वाकड्या सुरीनं स्पंज कापी. स्पंज मुळापासून उपटायचा नाही, दोन बोटं बुडखा ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा वाढतो, हा त्यांचा नियम होता. भाऊ जरा हावरा. त्याची सुरी फार खाली गेली, की बाबा होडीच्या फळीवर मुठीनं दोन ठोके मारत. ठक्, ठक्. म्हणजे 'पुरे, बुडखा राहू दे'. पाण्यात आवाज लांबवर जातो. भाऊ लगेच सुरी वर घेई.

घरातही हीच भाषा. ताटात जास्त वाढलं जाऊ लागलं, की बाबा टेबलावर दोन ठोके मारत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, लहानपणी केस विंचरून घेताना आईच्या पाठीवर दोन ठोके मारायची. पुरे, आता राहू दे!

मागच्या पडवीत खिळ्यांची एक फळी होती. तिच्यावर बादली, वाकडी सुरी आणि मी असे तिघं शेजारी टांगलेले असायचो. माझं काम होडीच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचं. कंबरडं मोडणारं काम, पण कुणी हसत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. चालायचं.

मग एके दिवशी बाबांच्या हातून होडीचा नांगर नको तिथे पडला.

वारा अचानक फिरला, होडी खडकाकडे ओढली जाऊ लागली, म्हणून त्यांनी घाईनं नांगर टाकला. तो वाळूत रुतायचा सोडून प्रवाळाच्या खडकात अडकला. ओढून निघेना, म्हणून बाबांनी इंजिन चालू करून होडी पुढे रेटली. नांगर सुटला, पण चाळीस पावलांचा पट्टा फाडत सुटला. ज्या प्रवाळाला वाढायला बाबांच्या आजोबांचं आयुष्य लागलं असेल, त्याचा घटकाभरात चुरा झाला. होडी बुडाली असती, बाबांचा नाइलाज होता, सगळं खरं. पण त्या दिवसापासून त्यांनी बादली फळीवरून काढली नाही. काचेवर धूळ बसली. होडी त्यांनी किनाऱ्याला बांधून टाकली, ती पुढे ताईलाच दिली, आणि बंदरावर कुणी बादलीवाले म्हणून हाक मारली तरी ते मान वर करेनात.

ताईला हे पाहवत नव्हतं. मोठी झाल्यावर ती प्रवाळ केंद्रात पाणबुड्याच्या कामाला लागली आणि पहिल्याच आठवड्यात केंद्राच्या सरांना म्हणाली, "सर, तो फाटलेला पट्टा मला द्या. मी भरून काढते."

"तो? अहो, तिथे नुसते सुटे तुकडे आहेत. काही धरणार नाही."

"धरेल. बाबांच्या डोळ्यांदेखत धरायला हवं."

सरांनी मान हलवली. आणि ताईनं घरी येऊन फळीवरून मला काढलं. बघा, एवढ्या मोठ्या कामाला निवडलं कुणाला, तर शिंपले खरवडणाऱ्याला! मी फुगलो नसतो तरच नवल.

काम असं होतं. पाण्यात दोर बांधलेले, त्यांवर प्रवाळाच्या बोटभर कांड्या लटकवलेल्या. त्यांना आम्ही रोपं म्हणायचो. रोपांच्या दोरावर शेवाळ धरतं आणि रोपं गुदमरतात, म्हणून दर आठवड्याला दोर घासायचे. रोपं हातभर झाली, की ती पट्ट्यातल्या सुट्या तुकड्यांवर नेऊन बांधायची. दोनशे बारा रोपं आम्ही तिथे लावली. तीन वर्षं लागली. थंड पाण्यात ताईची बोटं सुरकुतायची, माझ्या तारा वाकायच्या, पण रोपं जगत होती. सर एकदा खाली येऊन पाहून गेले आणि वर आल्यावर मला हातात घेऊन म्हणाले, "हा तर आमचा सगळ्यात मेहनती माणूस!" त्या रात्री मला खिळ्यावर झोप आली नाही.

आता चूक सांगतो. जरा थांबा. हं.

ताई फार स्वच्छतेची. तिच्या ओट्यावर पाण्याचा एक थेंब दिसायचा नाही. दोर घासून झाले, की तिचं लक्ष खालच्या पट्ट्याकडे जायचं. तिथे तुकड्यांच्या फटीफटीतून नारिंगी, लाल, पिवळं असं काहीतरी मऊ मऊ पसरू लागलं होतं. ते स्पंज होते. आपले आपण आले होते, कुणी बोलावलं नव्हतं. ताईला वाटलं, शेवाळ तशी हीसुद्धा घाणच, उद्या रोपांच्या अंगावर चढेल. आणि तिनं मला खाली लावलं. एकेक फट आम्ही कोरून काढली. पट्टा असा लख्ख केला की पाहत राहावं. मला तर तेव्हा वाटलं, आयुष्याचं सार्थक झालं.

घरी येऊन ती मला मागच्या नळावर धूत होती. बाबा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. माझ्या तारांत नारिंगी चिंध्या अडकल्या होत्या. बाबांनी वाकून एक चिंधी नखानं काढली, नाकाशी नेली. वीस वर्षांत त्यांनी समुद्राच्या कुठल्या वस्तूला आपणहून हात लावला नव्हता.

"हे कुठून काढलंस?"

"पट्ट्यातून. सगळीकडे माजलं होतं, बाबा."

"मुळापासून?"

"मुळापासूनच. नाहीतर परत उगवतं ना."

बाबांचा हात नळाच्या कट्ट्यावर गेला. मूठ मिटली. मला वाटलं, आता दोन ठोके पडणार. पण पडले नाहीत. ते एवढंच पुटपुटले, "आम्ही बुडखा ठेवायचो."

ताई हसली. "तुम्हाला परत कापायचा असायचा म्हणून. मला कापायचा नाहीये, मला पट्टा वाचवायचाय."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण बाबांचा चेहरा एवढासा झाला. ज्यानं पट्टा फाडला, त्यानं तो शिवणाऱ्याला काय शिकवायचं, असंच त्यांच्या मनात आलं असणार. "बरोबर आहे तुझं," म्हणून ते आत गेले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो, कारण मला माहीत होतं. खरवडताना मला जाणवलं होतं की ती चिंधी एका दगडाला दुसऱ्या दगडाशी धरून आहे, आणि ती सुटली की दगड डुगडुगतो. पण शाबासकीची चटक वाईट. मी घासत राहिलो.

त्याच हंगामात वादळ आलं. तीन दिवस होड्या बांधून होत्या. चौथ्या दिवशी पाणी निवळल्यावर ताई मला घेऊन खाली उतरली.

पट्टा कुठे आहे तेच आधी कळेना. सुटे तुकडे लाटांनी इकडून तिकडे लोळवले होते आणि त्यांच्याबरोबर आमची रोपंही लोळली होती. कुठे डोकं खाली, कुठे मोडलेली, कुठे वाळूत गाडलेली. ताई मोजत सुटली. दोनशे बारातली अकरा उरली होती. ती अकराही एकाच जागी, एका कपारीत, जिथे माझी मूठ शिरत नव्हती म्हणून मला पोचता आलं नव्हतं. तिनं तिथला एक दगड हलवून पाहिला. हलेना. दुसरा हलवला. तोही हलेना. मग तिनं वाकून खाली पाहिलं. दगडांच्या मधोमध नारिंगी स्पंज गच्च भरलेला होता. त्यानं सगळे दगड एकमेकांना धरून ठेवले होते, म्हणून रोपं उभी होती.

ताईच्या बुडीच्या चष्म्यात पाणी आलं. बाहेरून नव्हे, आतून. तिची बोटं सैल पडली, मी निसटलो आणि तुकड्यांमध्ये येऊन पडलो. तिच्या लक्षातही आलं नाही. ती वर निघून गेली.

घरी काय झालं मला ठाऊक नाही, मी इथे खाली होतो. पण दोन आठवड्यांनी ताई परत उतरली तेव्हा तिच्या हातात बाबांची वाकडी सुरी होती. सुरीला मी पाहताक्षणी ओळखलं. इतकी वर्षं एका फळीवर काढलेली. ताईनं शेजारच्या धडधाकट खडकावरून स्पंजाचे लहान लहान तुकडे कापून आणले होते. मी नीट पाहिलं, प्रत्येक ठिकाणी दोन बोटं बुडखा ठेवला होता. म्हणजे बाबांनी तोंड उघडलं होतं तर! ते तुकडे तिनं सुट्या दगडांच्या फटींत खोचले, दोऱ्यानं बांधले. रोपं मात्र एकही लावली नाही. नुसती वाट पाहिली. आधी दगड धरू द्यायचे, मग रोपं.

त्यातला एक तुकडा माझ्या शेजारी होता. पहिले काही महिने त्यानं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. साहजिकच आहे, माझ्या जातीनं त्याच्या जातीचं काय केलं ते मीच सांगितलंय. मग हळूहळू तो मुठीपर्यंत आला, तिच्यावर चढला आणि मला शेजारच्या तीन दगडांशी बांधून मोकळा झाला. ज्याला मुळापासून खरवडलं, त्यानंच मला कुशीत घेतलं. मला लाज वाटली, मित्रांनो. खरंच लाज वाटली.

दुसरं वर्ष गेलं. रोपं लागली. पुन्हा वादळ आलं. रात्रंदिवस वरून लाटा आदळत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, आता गेलो, आता सुटलो. पण स्पंजानं सोडलं नाही. एक दगड लोळला नाही.

वादळ ओसरलं तसा होडीचा आवाज आला. ताई उतरली. तिनं रोपं मोजली, पुन्हा मोजली, आणि पाण्यातच तिनं दोन्ही हात वर केले. तेवढ्यात तिला मी दिसलो. "अरे!" असे बुडबुडे निघाले. आपली हरवलेली वस्तू, शिवाय समुद्रात टाकलेला कचरा. ताईसारख्या टापटिपीच्या बाईला कसं राहवणार? तिनं माझी मूठ धरली आणि ओढलं. स्पंज ताणला. शेजारचा दगड हलला. त्यावरचं रोप थरथरलं. मला वाटलं, झालं, पुन्हा माझ्याच पायी.

ठक्, ठक्.

वरून आवाज आला. ताईचा हात जागच्या जागी थांबला. तिनं वर पाहिलं, मीही पाहिलं. होडीच्या कडेला पाण्यावर एक गोल काच टेकली होती, धूळ पुसून लख्ख केलेली, आणि तिच्यात बाबांचा चेहरा होता. म्हातारा झालेला, डोळे बारीक केलेला. बाबा आपण फाडलेल्या पट्ट्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ताईनं माझी मूठ सोडली. हलका हात ठेवून तिनं तो दगड होता तसा बसवला. मग ती वर गेली आणि बराच वेळ होडी जागची हलली नाही. काच तशीच पाण्यावर टेकलेली होती.

तर मित्रांनो, मी आता इथलाच. फार दमलोय, आणि पहिल्यांदाच माझ्याकडून कुणाला काही घासून नकोय. एवढंच मागणं आहे. कधी या पाण्यात आलात तर फटींतलं नारिंगी काही दिसेल. ते कशाला धरून आहे हे आधी वाकून पाहा, मगच हात लावा. नांगर टाकायचा तर वाळू पाहून टाका. आणि मी दिसलो, तर मला उचलायला जाऊ नका. राहू द्या इथेच.