गुलखैरा पुढच्या वर्षी फुलतो

चष्मेवाल्याने आईशी भांडणं सोडून दिलं होतं, आणि त्या आईचं, म्हणजे घरातल्या थोरलीचं, त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठं गाऱ्हाणं हेच होतं.

तसा तो जन्माचा तोंडाळ. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून वाद, खिडकी उघडी ठेवायची की बंद म्हणून वाद, बायकोची बाजू घेऊन वाद आणि बायकोच्या विरुद्धही वाद. मायलेकांचं जुंपलं की शेजारची शिंपीण मशीन थांबवून कान द्यायची. पण थोरली दवाखान्यातून घरी आली आणि या बाबाच्या जिभेला कुणी टाका घातल्यासारखं झालं. काहीही म्हणा, "बरं, आई." चहा पाणचट झालाय म्हणा, "हो ना, आई." एकदा तर तिने मुद्दामच, बघू तरी म्हणून, तुला दुकान चालवायची अक्कल नाही असं तोंडावर सांगितलं. त्यावरही तो हसला आणि तिच्या पायांवरची चादर सारखी केली!

"गोड बोलतोय मेला," ती कुंपणावरून शिंपिणीला म्हणाली. "स्टेशनवर पोचवायला आल्यासारखा. गाडी हलेपर्यंत उगाच तोंडातोंडी नको, अशी तऱ्हा."

"काळजी असते हो काकू."

"काळजी करायची तर भांडून करावी. मला कळते तरी."

आणि तो एकटाच नव्हे. घरातून एक शब्दच हद्दपार झाला होता. पुढच्या वर्षी. आधी या घरात सगळं पुढच्या वर्षीवर ढकललेलं असायचं. भिंतींना रंग पुढच्या वर्षी, नवं कपाट पुढच्या वर्षी. आता थोरली खोलीत आली की सून वाक्य अर्ध्यावर गिळायची. थोरलीच्या चपलेचा पट्टा तुटला, तर नवी जोडी आणायच्या ऐवजी लेकाने जुनीलाच खिळा ठोकून दिला. चष्म्याचा नंबर बदललाय हे ती घसा फोडून सांगत होती, तर अख्ख्या गावाच्या नाकावर भिंगं चढवणारा तो शहाणा म्हणाला, "चालतंय की हेच, आई. तुला आता कुठं वाचायचंय?"

वाचायचं तिला कधीच नव्हतं. शाळेची पायरी ती चढली होती ती उतरण्यापुरती. पण बी निवडायला डोळे लागतात.

तिने गुलखैरा पेरला.

मागच्या भिंतीलगतचा वाफा तिचा. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे विटांचे तुकडे आणि राख होती. वेचून वेचून, शेण-पाचोळा घालून घालून तिने त्याची माती केली होती. तिथे काय लावायचं हे सांगायची सासूचीही छाती झाली नव्हती. गुलखैऱ्याचं बी चपटं, शर्टाच्या बटणासारखं. बोंड उकललं की आत गोल करून एकमेकाला चिकटून बसलेलं. जुनी झाडं तिच्या आजारपणात वाळून गेली होती, डबीतलं बी तेवढं उरलं होतं. माणसाच्या डोक्यावर जाणारा दांडा, त्याला खालपासून वरपर्यंत वाटीएवढी फुलं, आणि तांबडा रंग असा गडद की सावलीत काळाच दिसावा. तसा रंग आसपास कुणाकडे नव्हता. बी मागून नेलेल्यांनी तो पाणी घालघालून कुजवला होता.

"कधी येतील फुलं?" भांडी पुसता पुसता सुनेने विचारलं.

"यंदा नुसती पानं. फुलं पुढच्या वर्षी."

सुनेच्या हातातली ताटली पुसायची थांबली. पेपराआड चष्मेवाला खोकला.

"आई," तो हलकेच म्हणाला, "काहीतरी लवकर येणारं लाव ना."

"लवकर म्हणजे? कुणाच्या आधी?"

पेपर आणखी वर गेला.

रोपं तरारून आली. गोल, खरबरीत, जराशी चुरगळल्यासारखी पानं. मिरवण्यासारखं त्यांत काही नव्हतं. थोरली रोज सकाळी वाफ्याशी बसायची, गोगलगाई वेचून डब्यात टाकायची, दाटीतली रोपं विरळ करायची, मग गुडघ्यांना शिव्या देत उठायची. डॉक्टरने वाकायला मनाई केली होती. "मी वाकत नाही, बसते," असं तिने त्यालाच सुनावलं होतं. सून दारातून बघत राहायची. एकदा न सांगता तिने आपली जुनी उशी आणून सासूच्या बुडाखाली सारली. थोरलीने आभार वगैरे मानले नाहीत, पण त्या दिवशी तिच्या आमटीला नावंही ठेवली नाहीत.

मग तपासणीचा दिवस आला. सुनेने थोरलीला डॉक्टरकडे नेलं. एरवी चष्मेवाला स्वतः न्यायचा. त्या दिवशी त्याला म्हणे दुकानात काम होतं.

दोघी परतल्या तर तो दारातच उभा. हात मातीने भरलेले, चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

"डोळे मीट, आई. मीट ना! मागे चल."

त्याने तिला खांद्याला धरून मागच्या दाराशी नेलं. "हं, उघड."

वाफा रंगांनी पेटला होता. पिवळी, गुलाबी, जांभळी फुलंच फुलं, रोपवाटिकेतून टेम्पोने आणलेली, एकाला एक खेटून लावलेली. माती कुठे दिसत नव्हती.

"आता खिडकीत बसलीस तरी रोज फुलं बघशील," तो म्हणाला. "वाट बघायला नको. काही नको."

थोरलीने फुलांकडे बघितलं. मग कडेला बघितलं. तिथे ढीग होता.

"इथली रोपं?"

"कुठली? गवतच माजलं होतं ते. मुळासकट काढलं सगळं. केवढी खोल मुळं त्याची, बाप रे!"

सुनेने कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत हे!"

थोरली ढिगाशी जाऊन बसली. पानं लुळी पडली होती, सोटमुळं मध्येच तुटलेली. एकेक रोप उचलून तिने डोळ्यांजवळ नेलं, उन्हाकडे धरलं. एकही जगण्यासारखं नव्हतं. गुलखैऱ्याचं मूळ एकदा तुटलं की तुटलं. दुसरीकडे लावून तो धरत नाही.

"सगळ्या गावाला चष्मे विकतोस," ती म्हणाली, "आणि हातातलं रोप दिसलं नाही तुला?"

चष्मेवाला ढिगाशी वाकला. "आई... हे ते होतं? मला वाटलं, तुझं उगवलंच नाही..."

"खुरपं दे गं."

सुनेने खुरपं दिलं. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोरलीने पहिलं पिवळं झाड मातीसकट अलगद उचललं आणि कुंपणाजवळ नेऊन ठेवलं. मग दुसरं. हाताने जरा घाई नाही, जरा धसमुसळेपणा नाही. त्या झाडांनी तिचं काय वाकडं केलं होतं?

"ए शिंपीणबाई! मशीन थांबवलंच आहेस तर इकडे ये. तुझ्या अंगणात लाव ही. आमच्यात जागा नाही."

"अगं, दमशील! आई, सोड ते. मी काढतो. तुला बरं नाही."

"मला बरं नाही ते माझ्या अंगाला. हातांना काही झालेलं नाही."

वाफा मोकळा झाला. मग तिने कमरेच्या पिशवीतून डबी काढली. डबीतलं सगळं बी एकदम मातीत टाकण्याइतकी खुळी ती कधीच नव्हती. बोटाने रेघ ओढून ती बी टाकू लागली, एकेक, अंतर ठेवून. चष्मेवाला बघत राहिला.

"आता पेरून काय होणार?" शेवटी त्याच्याने राहवेना. "हंगाम सरला ना त्याचा?"

"सरला. आता ही रोपं थंडीत कुचंबतील, मुळं धरायलाच त्यांचं पुढचं वर्ष जाईल." ती थांबली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. "म्हणजे फुलं त्याच्या पुढच्या वर्षी. तुझ्या या उद्योगामुळे आता मला एक वर्ष जास्त जगावं लागणार. आधीच सांगून ठेवते, कुरकुर चालणार नाही."

"आई, तू थट्टा करतेस!" त्याचा आवाज चढला. कित्येक महिन्यांनी चढला. शिंपीण हातात झाड घेऊन कुंपणापाशी थबकली. "डॉक्टर काय म्हणाले तुला माहीत तरी आहे का? हृदय पार थकलंय म्हणाले! आज आहे, उद्याचं सांगता येत नाही म्हणाले! मी रोज रात्री तुझ्या दाराशी उभा राहून श्वास ऐकतो, आणि तू इथं त्याच्या पुढच्या वर्षीच्या गप्पा मारतेस! हट्टी आहेस तू! पहिल्यापासून हट्टी!"

"हां," थोरली म्हणाली. "आता कसं माझ्या लेकासारखं बोललास."

तो मागच्या दाराच्या उंबऱ्यावर मटकन बसला आणि मातीच्या हातांनी तोंड झाकून घेतलं. सून त्याच्या मागे उभी राहिली. थोरलीने शेवटचं बी टाकलं, वर माती लोटली, तळव्याने दाबली. मग खुरप्यावर जोर देऊन ती उभी राहिली, धाप लागली होती तरी, आणि त्याच्यासमोर येऊन थांबली.

"ऐक. डॉक्टर जे म्हणाला ते मला माहीत आहे, मी त्याच्याकडून केव्हाच वदवून घेतलंय. त्याला माझ्या हृदयातलं कळतं, माझ्या वाफ्यातलं नाही. तू वाईट नाहीस रे, पण भित्रा आहेस. मी अजून या घरात खाते, पिते, वरडते, आणि तू मात्र मनातल्या मनात मला पोचवून, आंघोळ करून मोकळा झालास. माझं मरण माझं आहे. ते माझ्या आधी उरकायची घाई तू करायची नाहीस. ऊठ, झारी भर."