दुसरं इंजेक्शन

"चूक झाली तर लगेच सांगा, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही," असं वॉर्डच्या मोठ्या सिस्टर प्रत्येक नव्या नर्सला सांगत. सगळ्याजणी जिला चिमणी म्हणत, त्या पोरीने ते खरं मानलं. तिने एका रुग्णाची गोळी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला दिली. त्या रुग्णाला काही झालं नाही, तरी चिमणीने आपण होऊन सांगितलं. इस्पितळाच्या साहेबांनी तिला उचलून चादरींच्या कोठीत बसवलं. मोठ्या सिस्टर भांडायला गेल्या, तर साहेब म्हणाले, "शिस्त नको का?"

त्यानंतर वॉर्डात चुका व्हायच्याच थांबल्या. निदान कानावर यायच्या थांबल्या. साहेब खूश होते. सिस्टर चहाला आल्या की मात्र नर्सेसच्या गप्पा तिथल्या तिथे विरत.

मग एका दुपारी, सकाळीच पायाचं ऑपरेशन झालेले शिंपीआजोबा हाकेला ओ देईनात. श्वास संथ, ओठ काळपट. लेक त्यांना गदागदा हलवत होती. "बाबा, अहो बाबा!"

डॉक्टर धावत आले. "गुंगीचं इंजेक्शन किती वेळा दिलंत? जास्त गेलं असेल तर उतारा देतो. नसेल तर हा मेंदूचा झटका, मग उताऱ्याने घात व्हायचा."

"एकदाच," धाकटी नर्स म्हणाली. पण बोलताना तिची नजर सोबतच्या थोरल्या नर्सकडे गेली, आणि मोठ्या सिस्टरांनी ती टिपली. दोघींना त्यांनी औषधांच्या खोलीत नेलं.

"दुसरं कुणी दिलं?"

थोरली कपाटातल्या बाटल्या नीट लावू लागली. तिच्या एकटीच्या नोकरीवर घरची चूल पेटत होती.

"माझ्यावर घेते. पण बोला गं."

"शब्द चिमणीलाही दिला होतात," थोरली म्हणाली.

खरंच होतं ते. सिस्टरांनी भिंतीवरचा फोन उचलला. "साहेब, शिंपीआजोबांच्या बाबतीत जे काही झालंय, ती चूक माझी आहे. माझ्या हातून झालीय." फोन ठेवून त्या वळल्या. "झालं? आता बोल."

थोरलीला रडू फुटलं. "तडफडत होते हो बिचारे. हिने आधीच दिलंय ते मला ठाऊक नव्हतं. ड्युटी बदलायच्या घाईत हिचं लिहायचं राहिलं होतं..."

पुढचं ऐकायला सिस्टर थांबल्या नाहीत.

उतारा दिल्यावर आजोबांनी डोळे उघडले आणि चष्मा मागितला. लेकीने सिस्टरांचे हात धरले. "देवासारख्या धावून आलात." त्या हळूच हात सोडवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले आणि त्यांना वॉर्डवरून काढलं. निरोप द्यायला धाकटी आली. थोरली आली नाही. सिस्टरांना तिचा राग आला नाही, पण बरंही वाटलं नाही.

घरी नवऱ्याने ताट वाढता वाढता म्हटलं, "अगं, खरं सांगून टाकायचंस ना!"

"खरं सांगितलं असतं तर ती गेली असती. खोटं सांगितलं, मी गेले." त्यांनी घास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "पण एकीने दिलेलं दुसरीला का कळलं नाही, हे कुणी विचारलंच नाही रे. आजही तिथे ड्युटी तशीच बदलली असेल."