साळुबाईचं घोंगडं

आमा घोंगडी विणणाऱ्या सणगरांत बाईनं लोकर कातायची आणि मागावर बसायचं पुरुषानं. मागाच्या खड्ड्यात बाईनं पाय सोडले तर ते घोंगडं देवाला चालत न्हाई म्हणं. हे सांगणारेबी पुरुषच. बत्तीस वर्षं जुन्नरात मी लोकर पिंजली, कातली, चिंचोक्याची खळ शिजवून सुताला लावली, आणि नाव झालं ते भिका सणगराचं, माझ्या नवऱ्याचं.

एक्क्याण्णव साली ह्यांना टायफॉईड झाला. पेठ गावच्या साळुबाईनं खंडोबाच्या जागरणासाठी घोंगडं सांगितलं व्हतं. सूत मागावर ताणून तयार आणि हे दवाखान्यात. तारीख जवळ आली तशी मी दार लावून घेतलं आणि बसले खड्ड्यात. नऊ दिवसांत घोंगडं उतरवलं आणि ह्यांच्या नावानं देऊन टाकलं. देवानं कधी तक्रार केली न्हाई. हे बरे होऊन घरी आले, रिकाम्या मागाकडं बघितलं आणि एका शब्दानं काय विचारलं न्हाई. म्हणलं, तापात इसरले असतील, सुटले बाई.

पुढं गिरणीची ब्लँकेटं आली आणि आमचं काम बसलं. ह्यांची नजरबी गेली. माग मोडला, खड्डा बुजवून वर फरशी घातली. दोन हजार तीनला छातीनं धरलं, तेव्हा डॉक्टर म्हणले, आता घरीच न्या.

घरी आल्यावर ह्यांनी एकच धोशा लावला. "कुशे, माझ्या हातचं घोंगडं अंगाखाली टाक. त्याच्यावरच जायचं मला."

आता आणू कुठनं? विणलं तेवढं सगळं इकलेलं, आमच्या अंथरुणात सोलापुरी चादर. ओतूरला जुन्या गिऱ्हाइकांची चार घरं फिरले. कुणाचं कसरीनं खाल्लेलं, कुणी देऊन टाकलेलं. शेवटी पेठला गेले, म्हणलं साळुबाईकडं ह्यांच्या हातचं दुसरं एखादं असंल. साळुबाईनं देवघरातनं घडी काढून हातात दिली. म्हणली, "भिकाभाऊंच्या हातचं हाय, न्या." काठ बघितला. माझंच व्हतं ते. पण म्हणलं, आंधळ्या माणसाला काय कळतंय. यष्टीत मांडीवर घेऊन आले.

दुपारी ह्यांच्या अंगाखाली घातलं. काठावरनं या टोकापासनं त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. मग म्हणले, "हे माझं न्हाई."

"असं काय करताय? साळुबाईचं हाय."

"साळुबाईचंच. पण विणलंय तू. जागरणाला गेलो व्हतो, तवाच हाताला कळलं. माझ्यापेक्षा काठ सरळ आलाय तुझा."

सगळ्या संसारात पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हणले. आणि मला असला राग आला म्हणून सांगू. मरणाऱ्या माणसावर रागवू नये, पण आला. "मग त्यानंतर मला मागावर का बसू दिलं न्हाई? तुमची नजर गेली, तवा तरी?"

"लोक म्हणले असते, भिकापेक्षा त्याची बायकू चांगली विणती."

एवढंच बोलले आणि तोंड भिताडाकडं केलं. मी घोंगडं काढाय गेले तर गच्च धरून ठेवलं. "राहू दे. बरं लागतंय."

दुसऱ्या दिवशी गेले. बाया म्हणल्या, कुशाबाईचा नवऱ्यावर लई जीव. व्हताच की. पण मी ऊर बडवत व्हते ते नुसतं त्यांच्यासाठी न्हाई.

तिरडी उचलताना दीर गेणभाऊंनी इचारलं, घोंगडं काढून ठेवू का? उभ्या जन्मात माझ्या हातचं तेवढं एकच. मी म्हणले, नका काढू, जाऊ द्या त्यांच्यासंगं.