फुलपाखराखालचं भोक

मी बोलतेय, चौकातली चिलखती गाडी. अंगावर सूर्यफुलं पाहून गोंधळू नका. पूर्वी मी मातकट रंगाची होते आणि लोक माझ्या वाटेला जात नसत. आता ते माझ्या नाकावर बसून फोटो काढतात.

कारखान्यातून निघाले ती थेट लढाईच्या तोंडी. माझा चालक कोवळा पोरगा. चढावर मला धाप लागली की स्टिअरिंगवर थोपटून म्हणायचा, "चल गं म्हातारे, घरी आई वाट बघतेय." म्हातारी कसली, आम्ही दोघंही नवेच होतो. पण मला ते ऐकायला आवडायचं.

एका सकाळी डावीकडून माझा पत्रा फोडून लोखंडाचा तुकडा आत आला. भोक अंगठा जाईल एवढंच. पोरगा माझ्याच कुशीत गेला. एवढं जाड चिलखत जन्मभर अंगावर वागवलं, ते एका जिवाच्याही कामी आलं नाही.

लढाई संपली आणि मी भंगारात पडले. तिथून मला आणि आणखी एका गाडीला चौक सजवायला आणलं. दिसायला आम्ही सारख्या, पण ती लढाईवर कधी गेलीच नाही. शिकाऊ चालकांना घेऊन मैदानात गोल गोल फिरली, बस्स. स्वभावाने मात्र गरीब आहे.

मग रंगारी आला. त्याचं काम नीटनेटकं. आधी पत्रा घासायचा, खड्डे नि भोकं पुट्टीने बुजवायची, मगच रंगाला हात घालायचा. माझा नंबर घासला गेला, भोक बुजलं आणि त्यावर पिवळं फुलपाखरू बसलं. नंतर त्याला वाटलं, युद्धाची आठवण देणारं काहीतरी हवं. म्हणून त्याने त्या दुसरीला ड्रिलने भोकं पाडली आणि भोवती लाल पाकळ्या काढल्या. लोकांना त्या फार आवडल्या.

थोड्याच दिवसांत त्या पोराची आई आली.

"दादा, माझ्या लेकाची गाडी यातली कुठली? त्याच्या जोडीदाराने सांगितलंय, डाव्या बाजूला भोक आहे. अंगठा जाईल एवढं."

रंगारी चपापला. कुठल्या गाडीचं काय बुजवलं, हे त्याच्या लक्षातच नव्हतं. पण बाईचं तोंड बघून त्याला तसं सांगवेना.

"पलीकडची असेल मावशी. भोकं आहेत बघा तिला."

तिने भोकात अंगठा घातला आणि उभ्या उभ्या रडली. मी जिवाच्या आकांताने हाक मारली असती, पण माझा हॉर्नसुद्धा केव्हाच काढून नेलाय.

तेव्हापासून ती वरचेवर येते. त्या गाडीला घरचं सगळं सांगते. "ताईला मुलगी झाली रे, तुझंच नाक घेतलंय." ती बिचारी गाडी अवघडून ऐकत राहते. ऊन चढलं की आई माझ्या सावलीत येऊन टेकते. तिचा खांदा बरोबर त्या फुलपाखरापाशी येतो. इतक्या जवळ येऊनही ती मला परकीच समजते, हे आता सोसवत नाही.

वाटेने जाणाऱ्यांनो, कुणीतरी ते फुलपाखरू खरवडून काढा. दुसरं काही मागत नाही.

खरवडणं राहिलं बाजूला, काल रंगाऱ्याने त्यावर पिवळ्या रंगाचा नवा हात मारला. रंग ओलाच होता. आई येऊन टेकली आणि दचकून उठली.

"कसली मेली घाणेरडी गाडी," म्हणत तिने खांदा खसाखसा पुसला आणि लेकाला भेटायला पलीकडे गेली.