तीन महिन्यांनंतरचं माप

टेलरने टेप जाड्याच्या कमरेभोवती फिरवली, टोकं पोटावर जुळवली, आकडा वाचला आणि टेप सोडून दिली. मग पुन्हा फिरवली.

"पोट आत ओढू नकोस."

"ओढायला आहे कुठे आता?" जाड्या हसला.

सदतीस. टेलरने मापांच्या वहीतलं मागचं पान काढलं. सहा महिन्यांपूर्वी याच कमरेचं माप त्रेचाळीस लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात. त्याने गळा मोजला, छाती मोजली, मग दंड. टेपेखाली बोटांना हाड लागलं, तेव्हा त्याने मान वर केली नाही.

शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. जाड्या ऐसपैस बसायचा आणि टेलर कडेला अर्धा लटकत. पुढे जाड्या भूगोलाचा मास्तर झाला, निवृत्तही झाला. पण पहिल्या पगारातल्या शर्टापासून आजवर त्याने दुसऱ्या शिंप्याचं दुकान पाहिलं नव्हतं. त्याचा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल. टेलरला ठाऊक होतं.

"फारच उतरलास की."

"सगळे विचारतात, गुपित काय म्हणून." जाड्याने मनगट पुढे केलं. लेकीने दिलेल्या घड्याळावर एक हिरवं वर्तुळ पूर्ण होऊन लुकलुकत होतं. "रोज दहा हजार पावलं. झाली की हे मला शाब्बास म्हणतं. पोरांना मी उभ्या नोकरीत इतक्यांदा शाब्बास म्हटलं नसेल."

"चालून पोट जातं रे. दंड जात नाहीत."

जाड्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं."

"मग?"

जाड्याने टेबलावरचं कोटाचं कापड उचललं, उजेडाकडे धरलं, पुन्हा घडी घालून ठेवलं. काळसर निळं, उंची कापड होतं.

"लेकीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय," तो म्हणाला. "आजच्या मापाचा शिवू नकोस. तेव्हाच्या मापाचा शीव. लोंबता कोट घालून उभा राहिलो तर फोटो बघताना पोरीला नको ते दिसेल."

टेलरच्या हातातला खडू मोडला. त्याने दोन्ही तुकडे खिशात टाकले.

"घरी माहीत आहे?"

"घरी सगळे खूश आहेत. लग्नापर्यंत असू देत. तुलाही सांगणार नव्हतो. पण तुझ्या टेपेपुढे कोण काय लपवणार?"

पुढच्याच आठवड्यात जाड्याची बायको त्याच्या चार पॅन्ट्स घेऊन दुकानात आली. सगळ्या आत घ्यायच्या होत्या.

"भावजी, तुम्हीच समजवा त्यांना आता. या वयात किती चालायचं? परवा जिन्यात माझी मैत्रीण भेटली, तिला वाटलं माझे धाकटे दीर आलेत!" आणि ती लाजून हसली. मग एका पॅन्टची कंबर बोटांनी चाचपत म्हणाली, "जेवणसुद्धा कमी केलंय. मला वाटतं, लग्नात मिरवायचं असेल."

टेलरने तोंड उघडलं. समोरची बाई उत्तराची वाट पाहत त्याच्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त.

"सांगतो, वहिनी," तो म्हणाला आणि पॅन्ट्स मोजू लागला. चारच होत्या, तरी त्याने दोनदा मोजल्या.

कोट कापायला त्याला चार दिवस लागले. रोज कापड पसरायचा, खुणा करायचा, ब्रशने पुसून टाकायचा. आजवर त्याने वाढत्या अंगाचे कपडे पुष्कळ शिवले होते. पोरं वाढतात, दोन बोटं जास्त धरायची, एवढं सोपं असतं. कमी किती धरायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्याने कमरेत अडीच इंच कमी केले, छातीत दोन. हात पुढे जाईना. मग एवढ्यावरच कात्री चालवली, पण आतल्या बाजूला शिवणीत भरपूर माया ठेवली. ट्रायलला कोट आवळेल, बटण लागणार नाही, जाड्या शिव्या घालेल आणि आपण मुकाट्याने उसवून सैल करून देऊ, अशी त्याची मनातून खात्री होती. खात्री नव्हे, त्याची तशी इच्छा होती.

तीन आठवड्यांनी भर दुपारी जाड्या ट्रायलला आला. दोन पायऱ्या चढून आत आल्यावर तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ नुसता पंख्याकडे बघत राहिला. मनगटावर घड्याळ नव्हतं.

"पट्टा सैल होतो," टेलरची नजर पाहून तो म्हणाला.

टेलरने त्याच्या अंगात कोट चढवला. खांदे बसले. त्याने मधलं बटण काजात सरकवलं. ते विनासायास गेलं. पाठीवरून हात फिरवला. कुठे चुणी नव्हती, कुठे ताण नव्हता. अंगावर ओतल्यासारखा कोट बसला होता. उसवण्यासाठी तयार ठेवलेली छोटी कात्री टेलरने हळूच कापडाखाली सारली.

जाड्या आरशात पाहत होता. आधी स्वतःकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. लग्नाचं पान अजून दोन पानांखाली होतं.

"झकास बसलाय," तो म्हणाला.

टेलरने गुडघ्यावर बसून कोटाचा खालचा काठ सरळ केला. काठ सरळच होता.

जाड्याने कोट न काढताच खिशातून फोन काढला. लेकीने लगेच उचलला असावा, कारण त्याने एकदम आवाज चढवला, वर्गात शिरताना चढवायचा तसा.

"हं, बाळा. कामात आहेस का? नाही, एक विचारायचं होतं. लग्न जरा अलीकडे घेता येईल का? ... अगं, मला काय होतंय? ठणठणीत आहे. काही नाही गं, कोट तयार झालाय, म्हणून म्हटलं."